पाकिटाची बोली

"हा पेला कोणी पुसला?"

नोंदणीवाल्या बाईने मान वर केली नाही. "कोणता पेला?"

"हा, लाल. पेटीतल्या सगळ्या वस्तूंवर बोटभर धूळ आहे. याच्यावर एका बाजूला आहे, दुसऱ्या बाजूला नाही. कोणीतरी पुसलाय."

"लिलावाआधीच्या पाहणीचा आज दुसरा दिवस. लोक पाहायला येतात."

"पाहायला येतात, पुसायला नाही. काल कोण आलं होतं?"

"भिंगवाले, ते मी तुम्हाला सांगितलं, तर तुम्ही आला होतात हे आणखी कोणाला तरी सांगेन. चालेल?"

त्याला ते चालणार नव्हतंच.

बाजारात त्याला सगळे भिंगवाला म्हणत. गळ्यात काळ्या दोरीला लावलेलं भिंग जेवतानाही उतरत नसे. नव्वदएक वर्षांपूर्वी नदीकाठी मोठं औद्योगिक प्रदर्शन भरलं होतं. देशोदेशीची यंत्रं, विजेच्या दिव्यांचा घुमट, सहा महिने जत्रेसारखी गर्दी. त्या गर्दीने आठवण म्हणून घरी नेलेले बिल्ले, पंखे, डबे, पेले, हाच त्याचा धंदा. लिलावात घ्यायचं आणि आपल्या दुकानात विकायचं. माणूस जातो, त्याची कपाटं रिकामी होतात आणि माल फिरून लिलावात येतो. यावेळी एका म्हाताऱ्या डॉक्टरांचा संग्रह आला होता. हे डॉक्टर त्याचं पहिलं गिऱ्हाईक.

पेला त्याने सवयीने तपासला. साध्या काचेवर लाल काचेचा पातळ थर. प्रदर्शनात कारागीर फिरतं चाक लावून तो थर खरवडायचा आणि गिऱ्हाईक उभं असतानाच लालावर पांढरं नाव उमटायचं. नव्वद वर्षांपूर्वीच्या कापाच्या कडा हाताळून गुळगुळीत होतात, कालच्या कापाच्या कडा भिंगाखाली करवतीसारख्या दिसतात. या कडा गुळगुळीत होत्या. पेला खरा होता. पण काठाचा कपचा उडालेला आणि वर कोणाचं तरी नाव. नावाच्या मालाला भाव नसतो. परक्या माणसाचं नाव कोण घरात ठेवणार? त्याने पेला परत ठेवला.

त्याला हवा होता तो पितळी बिल्ला. प्रदर्शनाच्या दारावरच्या पहारेकऱ्यांना दिलेला, फार थोडे शिल्लक असलेला. अशा बिल्ल्यासाठी एक गिऱ्हाईक त्याच्याकडे वर्षभर खेटे घालत होतं. मात्र बिल्ल्याच्या कडेला त्याला बारीक खड्डे दिसले. ठशाने ठोकलेल्या पितळेवर असे खड्डे नसतात, साच्यात ओतलेल्या नकलेवर असतात. जुनं पितळ खराब झालं तरीही असतात म्हणा. त्याने भिंग जवळ नेलं, लांब नेलं. मन काही ठरेना.

मग पुसलेल्या पेल्याचा अर्थ त्याच्या ध्यानात आला. ज्याला बिल्ला हवा, तो बिल्ल्याला हात लावणारच नाही. तो पेला पुसून ठेवेल, म्हणजे बघणारा पेल्याकडे बघत बसेल. ही चाल एकाचीच असू शकत होती. समोरच्या गल्लीतला बिल्लेवाला, धंद्यातला त्याचा जुना वैरी आणि रोजचा चहाचा सोबती.

घरी आला तेव्हा बायको फोनवर हळू आवाजात बोलत होती. "हो, पाकीट उद्या देते," एवढं त्याच्या कानावर पडलं. त्याची चाहूल लागताच तिने फोन ठेवला.

"कोण होतं?"

"गिऱ्हाईक. झग्याची बाही उसवलीय."

दुकानाच्या मागच्या खोलीत तिचं शिवणयंत्र होतं. कपडे लहानमोठे करणं, चेन बदलणं, उसवलेलं शिवणं. या कामाचे पैसे तिचे ती ठेवायची. त्यांचं कधी काही अडलं नव्हतं आणि फारसं बोलणंही झालं नव्हतं. तो "अगं" म्हणायचा, ती "अहो" म्हणायची, एवढ्यावर तीस वर्षं निघाली होती.

जेवताना तिने पाणी वाढलं आणि भांडं हातात धरूनच विचारलं, "त्या डॉक्टरांच्या पेटीला कितीपर्यंत जाणार आहात?"

त्याचा घास तोंडाशीच थांबला. तीस वर्षांत हा प्रश्न तिने कधी विचारला नव्हता. धंद्यात आपली शेवटची बोली सांगणं म्हणजे तिजोरीची किल्ली देणं. वर, ती पेटी त्याला हवी आहे हे त्याने तिला सांगितलं कधी होतं?

"तुला काय करायचंय?"

"सहज. लिलावाच्या पत्रकात फोटो पाहिला."

सहज. संशयाचं एक बरं असतं, त्याला खाऊपिऊ घालावं लागत नाही, आपोआप वाढतो. बिल्लेवाल्याची पँट मागच्याच आठवड्यात हिच्याकडे दुरुस्तीला आली होती. बोलता बोलता माणूस काय काय विचारून घेतो. भिंगवाल्याला बायकोवर आळ घ्यायचा नव्हता. त्याला फक्त तपासून पाहायचं होतं, जसं पितळ तपासतात, काच तपासतात. त्याची खरी तयारी दहा हजारांची होती.

"सात," तो म्हणाला. "सात हजारांच्या वर एक पैसा नाही."

ती "बरं" म्हणाली आणि भांडं ठेवून आत गेली.

दुसऱ्या दिवशी दुपारी ती धागे आणायला म्हणून बाहेर पडली आणि रिकाम्या हाताने परत आली.

"मिळाले का धागे?"

"हव्या त्या रंगाचे नव्हते."

त्याने मान डोलावली. धाग्यांचं दुकान त्या दिवशी बंद असतं, हे त्याला ठाऊक होतं.

लिलावाच्या दिवशी तो मागच्या रांगेत बसला. तिथून सगळ्यांच्या माना दिसतात आणि आपली कोणाला दिसत नाही. बिल्लेवाला पुढे बसून शेंगा सोलत होता. पेटी पुकारली गेली. लिलाववाल्याने समोरचं एक पाकीट उघडलं, आतला आकडा स्वतःशीच वाचला आणि ते उपडं ठेवलं.

"या पेटीवर माझ्याकडे पाकिटाची बोली आहे."

ज्याला यायचं नाही किंवा तोंड दाखवायचं नाही, तो आपला शेवटचा आकडा पाकिटात घालून देतो आणि त्याच्या वतीने लिलाववालाच बोलत जातो. भिंगवाल्याने बिल्लेवाल्याच्या मानेकडे पाहिलं. मान शेंगांत होती.

त्याने तीन हजारांना हात वर केला.

"पाकिटाचे साडेतीन."

"चार."

"पाकिटाचे साडेचार."

सभागृहात आणखी कोणी बोलेना. ते दोघेच, एक माणूस आणि एक पाकीट, एकामागून एक पायऱ्या चढत गेले. साडेपाच. सहा. साडेसहा.

"सात," भिंगवाला म्हणाला आणि हात खाली घेतला.

आता. पाकीट इथे थांबलं, तर बायको निर्दोष.

"पाकिटाचे साडेसात."

सातच्या वर बरोबर एक पायरी. तपासणी पूर्ण झाली होती, हात खाली ठेवून उठून जाता आलं असतं. पण धंदेवाईक माणसाचं मन दोन रुळांवर धावतं. पहिल्यावर बायको होती. दुसऱ्यावर बिल्ला. कोणी घरात शिरून आपला आकडा काढून नेतो, म्हणजे बिल्ला अस्सलच असणार. कडेचे खड्डे त्या क्षणी त्याच्या मनातून बुजले.

"आठ."

लिलाववाल्याने पाकिटाकडे पाहिलंसुद्धा नाही. "पाकीट संपलं. आठ, एक वार. आठ, दोन वार." हातोडा पडला.

पैसे भरून, पेटी काखेत मारून तो बाहेर आला, तर बिल्लेवाला चहाच्या टपरीवर त्याचीच वाट पाहत होता.

"ये, मोठ्या शेठ. त्या ओतीव बिल्ल्याचे आठ हजार दिलेस की."

"ओतीव?"

"मग काय ठोकीव? कडेचे खड्डे आंधळ्याच्या बोटालाही लागतील. मी कालच पाहिला आणि ठेवून दिला."

"आणि पाकीट घालून ठेवलंस."

"मी?" बिल्लेवाल्याने चहाचा घोट गिळला. "माझ्या आयुष्यात मी पाकीट टाकलेलं नाही. शत्रूचं तोंड बघितल्याशिवाय मला भावच सुचत नाही."

"माझा आकडा तुला कोणी सांगितला?"

"अरे, तुझा आकडा घेऊन मी काय लोणचं घालू?" तो क्षणभर थांबला आणि सरळ आवाजात म्हणाला, "घरी जा. चेहरा बरा नाही तुझा. त्या पेटीत खरा असा फक्त तो लाल पेला आहे, आणि तोही नावाचा."

बिल्लेवाला खोटं बोलत नव्हता. खोटं बोलताना तो शेंगा, चहा, काहीच खाऊपिऊ शकत नसे. म्हणजे पाकीट तिसऱ्याचंच. वाटेत भिंगवाल्याने ओळखीचे सगळे दुकानदार मनातल्या मनात एकेक करून बायकोच्या शिवणयंत्रासमोर उभे करून पाहिले.

ती कोणाच्या तरी झग्याला बाही लावत होती. त्याने पेटी यंत्राशेजारच्या टेबलावर ठेवली.

"सात हजार हा आकडा मी या जगात फक्त तुला सांगितला होता. पाकीट साडेसातला संपलं. कोणाला सांगितलंस?"

तिने दोरा दातांनी तोडला. "कोणाला नाही."

"मग पाकीटवाल्याला काय स्वप्न पडलं?"

"पाकीट माझं होतं."

यंत्राचं चाक अजून फिरत होतं. ते थांबल्यावर त्याच्या तोंडातून जे गेलं, ते ऐकून त्यालाच कसंसं झालं. "कोणाच्या वतीने?"

ती हसली नाही, चिडलीही नाही. तिने पेटीतून लाल पेला काढला आणि त्याच्यासमोर ठेवला. "यावर काय लिहिलंय?"

"नाव आहे. नावाचा माल."

"कोणाचं?"

त्याचा हात गळ्यातल्या भिंगाकडे गेला.

"भिंग नको. पाच हातांवरून वाचता येईल एवढं मोठं आहे."

त्याने वाचलं. वळणदार, एकाला एक जोडलेली अक्षरं. प्रत्येक अक्षराचा काप कुठे सुरू झाला, चाक कुठे थरथरलं, हे तो सांगू शकला असता. आता ती अक्षरं मिळून एक नाव झालं होतं. ते त्याने लग्नाच्या कागदावर पाहिलं होतं. नंतर विजेच्या बिलावर, कारण घर तिच्या नावावर होतं.

"हे तुझं नाव आहे."

"आजीचं. तिच्यावरूनच माझं ठेवलं. तिचे वडील तिला खांद्यावर बसवून प्रदर्शनाला घेऊन गेले होते. कारागिराने नाव विचारलं, तर ती स्वतः बोलली. सहा वर्षांची होती. शेवटपर्यंत सांगायची, परक्या माणसाने मला नाव विचारलं आणि काचेवर लिहून दिलं." तिने काठाच्या उडालेल्या कपच्यावर अंगठा ठेवला. "हा मी पाडला, शाळेत असताना. मग तिने मला लग्नात हाच दिला."

दुकानात पुढे काचेचं मोठं कपाट होतं. दुपारचं ऊन त्यातल्या मालावर पडलं होतं. येणाऱ्या प्रत्येक नव्या गिऱ्हाइकाला भिंगवाला त्या कपाटाची गोष्ट सांगत आला होता. हातात दमडी नव्हती, नवं दुकान, घरातच कुठेतरी एक लाल पेला सापडला, एका डॉक्टरांनी तो घेतला आणि त्या पैशांत हे कपाट आलं. गोष्ट सांगताना आतलं यंत्र नेहमी जोरात चालायला लागायचं. तो म्हणायचा, हिला जरा घाईच असते.

"हे कपाट म्हणजे एक पेला," ती म्हणाली, अगदी त्याच्या गोष्ट सांगण्याच्या आवाजात.

"तू तेव्हा बोलली का नाहीस?"

"घरी येऊन सांगितलंत तेव्हा कपाटाचे पैसे देऊन झाले होते. तुम्ही इतके खूश होतात. मी म्हटलं, असू दे."

"आणि आता? मागितला असतास तर मी तुला…"

"दिला असतात. आणि मग येईल त्याला सांगत बसला असतात, बायकोला पेला देऊन टाकला म्हणून. आणखी एक गोष्ट झाली असती." तिने झग्याची घडी घातली. "पाहणीच्या पहिल्याच दिवशी जाऊन पाहून आले. धूळ पुसली, नाव वाचलं, तोच होता. म्हटलं, तुमच्यावर एक पायरी ठेवू. तुम्ही सातला थांबाल, पेटी मला मिळेल. बिल्ला कोणाकरवी तरी तुमच्याकडे विकायला पाठवणार होते. तुम्हाला कळलंसुद्धा नसतं."

तो पेटीकडे पाहत राहिला. तिचा हिशेब चोख होता. त्यात एकच गोष्ट चुकीची निघाली होती, ती म्हणजे त्याने सांगितलेला आकडा.

"मला खोटं का सांगितलंत?" तिने विचारलं.

धंद्याची रीत, जुनी सवय, भिंतीला कान असतात, असं बरंच काही जिभेवर आलं आणि तिथेच राहिलं. तिने यंत्राच्या खणातून नोटांची गड्डी काढून पेल्याशेजारी ठेवली.

"साडेसात आहेत. माझी बोली तेवढीच होती. वरचे तुमचे तुम्ही सोसा. बिल्ला, पंखे, डबा ठेवा तुम्हाला."

"अगं, घरातल्या घरात कसले पैसे?"

"घरातल्या घरातूनच विकला होतात तुम्ही."

त्याने पैसे घेतले. न घेऊन पाहिलं असतं, तर ती पेला पेटीत परत ठेवेल असं त्याला वाटलं, आणि या एका बाबतीत तरी त्याचा अंदाज चुकला नसता.

तिने पेला धुऊन आणला, कोरडा केला आणि यंत्राच्या फळीवर डाव्या हाताला ठेवला. मग समोरची बटणांची पुडी उघडली आणि बटणं पेल्यात ओतली. हाडाची, शिंपल्याची, धातूची. नव्वद वर्षांच्या काचेवर ती खडखडत गेली. आतून चरे पडणार होते, होता नव्हता तो भावही जाणार होता. भिंगवाल्याचा हात आपोआप पुढे झाला आणि अर्ध्या वाटेत थांबला.

तिने एक पांढरं बटण निवडलं, उजेडाकडे धरून पाहिलं आणि सुईत दोरा ओवायला घेतला. तो पेटीचं झाकण लावून पुढे दुकानात गेला. मागे यंत्र सुरू झालं. घाईत नव्हतं.