दत्तोबाच्या आजारपणाचा खर्च

जयसिंगच्या मागे इन्कमटॅक्सचं लचांड लागलं त्याला बरीच वर्षं झाली होती. चूक त्याचीच. हडपसरचं सिमेंट-विटांचं दुकान तेजीत असताना पठ्ठ्याने निम्मी विक्री दाखवलीच नव्हती, आणि पकडला गेल्यावरही आज भरू, उद्या भरू करत दिवस ढकलले. लाखभराच्या करावर जवळजवळ तेवढंच व्याज चढलं, बँकेतलं खातं गोठवायची नोटीस हातात पडली, तेव्हा कुठे त्याची झोप उडाली.

सदाशिव पेठेतले करसल्लागार दिगंबरपंत कमी बोलत, आणि बोलले तर टोचून. मूळ कर मुकाट्याने भरावा लागेल, असं त्यांनी आधीच बजावलं. पण खरोखरच ओढगस्त होती हे पटलं, तर आयुक्त व्याज माफ करू शकतात.

"अडचण होती का काही?" त्यांनी विचारलं. "नसेल तर आठवा."

जयसिंगला भाऊ आठवला. थोरला दत्तोबा दोन वर्षांपूर्वी हृदयाची झडप खराब होऊन गेला होता. पंतांनी मान डोलावली आणि अर्जात लिहून टाकलं, की मोठ्या भावाच्या इलाजापायी अर्जदार पार कफल्लक झाला.

कसला कफल्लक होतोय! ऑपरेशनचे पैसे मागायला दत्तोबा स्वतः दुकानात आला होता, धापा टाकत, विटांच्या थप्पीला टेकत. दादा, टॅक्सवाल्यांनी माझे हातपाय बांधलेत, एवढं मिटू दे, असं सांगून जयसिंगने त्याला चहा पाजून परत पाठवलं. त्याच महिन्यात त्याने दुसरा ट्रक घेतला. दत्तोबा सरकारी दवाखान्याच्या व्हरांड्यात, ऑपरेशनचा नंबर लागायची वाट बघत गेला. तेव्हा भावाला टॅक्सचं कारण सांगितलं आणि आता टॅक्सला भावाचं. हे जयसिंगला कळत होतं, त्याला स्वतःचीच किळस येत होती. तरी अर्ज मागे घ्यायला काही तो गेला नाही.

बिलं गहाळ झाली असं सांगायचं ठरलं. मग घरचं माणूस तरी साक्षीला हवं, पंत म्हणाले. घरचं माणूस म्हणजे दत्तोबाची बायको, मथुराबाई. ती मंडईत पालेभाजी विकायची. जयसिंग तिच्या गाळ्यापुढे बराच वेळ उगाच मेथीच्या जुड्या उलटसुलट करत उभा राहिला, आणि शेवटी खाली मान घालून त्याने सगळं सांगितलं. वहिनीने चार लोकांत शिव्या घालाव्यात असं त्याला मनापासून वाटत होतं. तिने मेथीवर पाणी शिंपडलं आणि कधी यायचं तेवढं विचारलं.

सुनावणीला पंतांनी तिला फक्त "हो" म्हणायला बजावलं होतं. आयुक्त वयस्कर, शांत गृहस्थ होते. दिरांनी उपचाराचा खर्च केला का, असं त्यांनी विचारलं.

"केला की, साहेब," मथुराबाई म्हणाली. "मोठ्या दवाखान्यात ठेवलं. खोलीला खिडकी व्हती, पंखा व्हता. आपरेशन झालं. शुद्धीवर आल्यावर ह्यांनी पैलं पाणी मागितलं. भावजी पायाशी बसून व्हतं, घरी गेलंच न्हाईत."

ती थांबेचना. शहाळी कोण आणायचं, नर्स कशी गोड बोलायची, घरी आल्यावर दत्तोबा पारापर्यंत चालत कसा जायचा, सगळं तिने सांगितलं. आणखी चार महिने ती त्याला जगवत होती. हे खोटं आहे, असं उठून सांगावं म्हणून जयसिंगने खुर्चीचे हात घट्ट धरले. पण तो बसूनच राहिला. साहेबांनी पेनाला टोपण लावलं आणि बाईंना पाणी द्यायला सांगितलं.

"जरा जास्तच बोलल्या," बाहेर आल्यावर पंत म्हणाले. "खपलं म्हणून बरं."

महिन्याभराने हुकूम आला. व्याज माफ. जयसिंगने मूळ कर भरला, आणि वाचलेल्या पैशातली निम्मी रक्कम पाकिटात घालून वहिनीच्या खोलीवर गेला. पाकीट त्याने तिच्यापुढे ठेवलं, पण ती काही त्याला हात लावेना.

"हे कशाचं, भावजी? खर्च तर झालाय न्हवं समदा?"

तिच्या बोलण्यात राग नव्हता, आणि तेच जयसिंगला सोसवेना. तो उठू लागला तसं तिने विचारलं, "त्या कागदात ह्यांचं नाव हाय का?"

"हाय."

"मग वाचा."

कागद इंग्रजीत होता. पंतांनी सांगितलेला अर्थ आठवून जयसिंग मराठीत सांगत गेला: दत्तोबा आजारी पडला, त्याला मोठ्या दवाखान्यात ठेवलं, ऑपरेशन केलं, धाकट्या भावाने पैशाकडे बघितलं नाही. मथुराबाईने डोक्यावर पदर घेतला होता. भिंतीवरच्या दत्तोबाच्या फोटोकडे बघत, जणू त्यालाही ऐकू जात असावं अशी ती ऐकत होती. सांगून झाल्यावर जयसिंगने घाईघाईने कागदाची घडी केली.

"परत वाचा, भावजी," ती म्हणाली. "आपरेशनपासनं."

जयसिंगने घडी उलगडली. ऑपरेशनची ओळ बोटाने शोधली आणि तिथून पुन्हा सांगायला लागला.