शिडी चंपाच्या वाटणीची

वाटणी अशी झाली होती: बंद पडलेली कापडाच्या लूमची शेड धाकट्या राघोला. शेडमागचं भातशेत थोरल्याला, म्हणजे तो गेल्यावर त्याच्या बायकोला, चंपाला. पाटा राघोला, वरवंटा चंपाला. (पंचांनाही हसू आवरलं नव्हतं.) शिडी चंपाला.

वटवाघळं कुणालाच दिली नव्हती.

ती राहायची शेडच्या छज्ज्याच्या वर, भिंतीतल्या तीन भोकांत. अंगठ्याएवढाली. दिवेलागणीला बाहेर पडली की थेट भातावर. सकाळी भिंतीखाली चंपाला पंख सापडायचे, पिवळे, काळ्या ठिपक्याचे. खोडकिडीच्या पतंगाचे.

मागच्या साली राघोनं मिरच्यांची धुरी देऊन वटवाघळं हाकलली. दसऱ्यापर्यंत शेत पांढरं. लोंब्या ताठ उभ्या, आत दाणा नाही.

सासूच्या तांबड्या भाताचं बी मानकोली गावात आता एकट्या चंपाकडं होतं, मडक्याच्या तळाशी. ते सगळं तिनं यंदा पेरलं. वटवाघळंही परत आली. यंदा पीक गेलं, तर ते भातच संपलं.

आणि आज

राघो छज्ज्यावर. हातात लूमच्या चिंध्या. दोन भोकं ठासून झालेली, तिसऱ्यात कोपरापर्यंत हात.

"राघो, काय चाललंय?"

"दिसत न्हाय? सोमवारी गोदामवाला शेड बघाया येतोय. त्याच्या मालावर ही घाण पडली म्हंजी?"

"आत हायत ती."

"मंग? मरू दे आत."

"माझं भात जाईल."

"फवारा मार! सगळी दुनिया मारते. वयनी, तुला येड लागलंय. वाघळांना दीर समजतेस."

"दिरापरीस बरी. किडं खातात, माणसाचं घर न्हाय."

राघो खो-खो हसला आणि तिसरं भोक बंद केलं. आतून बारीक चिरचिर ऐकू येत होती. चंपानं वर पाहिलं, मग खाली. शिडीच्या तिसऱ्या पायरीला नवऱ्यानं बांधलेली तार. तिचीच शिडी. न विचारता आणलेली.

तिनं ती उचलली, आडवी केली, तिच्यावरच बसली.

"वयनी! शिडी!"

"माझी हाय. पंचांसमोर दिलीय."

"लाव म्हणतो ना!"

"आधी चिंध्या काढ."

"रांडंच्या—"

"दे शिव्या. अजून उजेड हाय."

राघोनं तिच्या सासरच्या सात पिढ्या काढल्या. सातही त्याच्याच होत्या. उडी मारायला खाली वाकून बघितलं. खाली भंगारात टाकलेले लूमची दातेरी चाकं, काचा. मागं सरकला. अंधारत आलं. चिरचिर वाढली तशी त्याची बडबड कमी झाली. वटवाघूळ कानाला चिकटतं, असं त्याला आईनं लहानपणी सांगितलेलं. ते चंपाला ठाऊक होतं. सासूनं तिलाही सांगितलेलं.

"दोन काढतो. तिसरं न्हाय."

"तिन्ही."

पहिली चिंधी पडली. दुसरी. तिसरी ओढली आणि

भिंत फुटल्यासारखी वटवाघळं सुटली, त्याच्या केसांवरून, खांद्यावरून, तोंडाजवळून. राघो दोन्ही कान झाकून भिंतीला चिकटला, डोळे गच्च मिटून.

"वयनी! लाव की आता!"

चंपा जागची हलली नाही. ती शेताकडं बघत होती. वटवाघळं तांबड्या लोंब्यांवर खाली-वर झेपावू लागली, तेव्हा कुठं ती उठली आणि शिडी लावली.

"उद्या नवी शिडी आणीन," तो उतरता उतरता फुत्कारला.

"आण. पिकाची कापणी होईस्तो माझी खाट हितंच हाय, भिंतीखाली."

शिडी खांद्यावर टाकून ती खाट आणायला गेली.