मंत्र्याच्या पुस्तकातला लिंदोल्फो

मंत्र्याचं पुस्तक आमच्या भाषेत छापून आलं, तेव्हा मादेइरा नदीवर सगळ्यात जास्त मिरवला तो आमचा रबरमालक गाऊदेन्सियो. परदेशातला एक माजी मंत्री जंगलातली अनोळखी नदी उतरून गेला होता आणि त्याला होड्या, वल्हेकरी मालकाने पुरवले होते. मालकाला वाचता येत नव्हतं. वाचायला मी, इथली मास्तरीण.

रविवारी सगळे गोदामासमोर जमले. युफ्राझिया अगदी पुढे बसली. तिचा मुलगा लिंदोल्फो त्या सफरीवर वल्हेकरी होता, तो परतला नव्हता. परतला त्याचा वल्ह्यावरचा जोडीदार झेफेरिनो. लिंदोल्फो धबधब्यात बुडाला, असं त्यानेच तिला सांगितलं होतं. बुडालेल्याला आम्ही मेणबत्तीने शोधतो. भोपळ्याच्या वाटीत ती पेटवून प्रवाहात सोडायची, थांबेल तिथे प्रेत. "मोठ्या खडकाखाली थांबली, मावशी. तिथेच क्रूस रोवला," असं तो म्हणाला होता. म्हातारी तेवढ्यावर जगत होती. मरण्याआधी एकदा तिथे जायचं, म्हणून तिला पुस्तकातून त्या खडकाचा ठावठिकाणा हवा होता.

"माझं नाव आलं का?" मालक दर पानाला विचारी.

"तुमच्या होड्या फुटतात तिथे येईल," मी म्हटलं. लोक हसले.

मग पुस्तकात लिंदोल्फोचं नाव आलं. मी पुढची ओळ मनात वाचली आणि थांबले.

"मावशी, उरलेलं उद्या वाचू."

"इतकी वर्षं थांबले, पोरी. वाच."

वाचलं. लिंदोल्फोला ताप भरला होता. एक होडी फुटल्यामुळे जागा कमी पडली. मंत्र्याला त्याने जमवलेल्या पक्ष्यांच्या कातड्यांच्या पेट्या टाकवेनात, म्हणून पहाटे त्यालाच काठावर ठेवून मंडळी निघाली. 'वळण येईपर्यंत त्याच्या हाका ऐकू येत होत्या,' असं मंत्र्याने लिहिलं होतं. 'त्या ऐकून माझा कुत्राही रडला.' पुढच्या पानावर कुत्र्याचा फोटो होता, मंत्र्याच्या घरच्या गालिच्यावर. मला त्या माणसाची किळस आली. भाषा मात्र सुंदर होती मेल्याची.

"कुणाला हाका मारत होता, ते लिहिलंय?" युफ्राझियाने विचारलं.

"झेफेरिनोला."

झेफेरिनो मागे खांबाला टेकून उभा होता. "बंदुका त्यांच्याकडे होत्या, मावशी. मी काय करणार होतो?"

"मेणबत्ती कुठे थांबली रे?"



"आणि माझं नाव?" मालक म्हणाला. या वेळी कुणी हसलं नाही.

संध्याकाळी म्हातारी भोपळ्याची वाटी घेऊन धक्क्यावर आली. तिने ती पाण्यात सोडलीच नाही. झेफेरिनोच्या होडीत ठेवली, मेणबत्ती पेटवली आणि सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली, "इथे थांबली."

माणसं पलीकडे सोडून आणि मासे विकून झेफेरिनोचं पोट चालायचं. पण मेलेल्याच्या होडीत कोण बसणार, आणि तिच्यातले मासे कोण खाणार? रोज सकाळी तो होडी घेऊन काठाकाठाने गिऱ्हाइकांना हाका घालत जातो. आम्ही दारं लावून घेतो, मीसुद्धा. वळण येईपर्यंत त्याच्या हाका ऐकू येतात.