न उचललेली पुडी

वर्नाने लाल कापडात बांधलेली तंबाखूची पुडी टेबलावरून मावशीपुढे सरकवली. जाणत्या माणसाला काही विचारायचं तर आधी तंबाखू द्यायची. त्याने ती ठेवून घेतली की उत्तर मिळणार, परत केली की नकार. कॅनडातल्या क्री आदिवासींच्या कायद्यातली ही रीत वर्नाने विद्यापीठात जन्मभर शिकवली होती.

आयडामावशीने पुडीकडे नुसतं पाहिलं आणि बॅनकच्या रोटीचं पीठ मळायला घेतलं.

"विचारा, प्रोफेसरीणबाई."

"गोऱ्यांशी जमिनीचा करार झाला तेव्हा आपल्या त्या वेळच्या म्हाताऱ्यांनी त्यांना नातेवाईक का मानलं? पुस्तकाचं शेवटचं प्रकरण अडलंय."

"हे तूच टीव्हीवर सांगितलंस की! ऐकता ऐकता माझं सूप करपलं."

पुडी तिथेच राहिली.

वर्नाने मग वस्तीच्या तळ्याबद्दल विचारलं, शिकारीच्या हक्काबद्दल विचारलं. मावशी पीठ थापत नुसतं "हं" म्हणत होती. बाहेर बर्फात वर्नाची गाडी उभी होती आणि तिच्या मागच्या सीटवर बॅगा होत्या. निवृत्तीच्या समारंभात लोकांनी उभं राहून टाळ्या वाजवल्या होत्या. त्यानंतर त्या अख्ख्या शहरात तिला कुणी जेवलीस का म्हणून विचारलं नव्हतं. घर सोडून ती इकडे निघाली खरी, पण एवढ्या वर्षांत आपल्या लोकांच्या या वस्तीत ती एक रात्रही राहिली नव्हती. आता कोणत्या तोंडाने मागायचं?

"संपले प्रश्न?" मावशी म्हणाली. "मघापासून तोंड उघडतेस आणि मिटतेस. तो प्रश्न राहिलाय."

वर्ना टेबलाची कड नखाने खरवडत राहिली.

"मी इथे राहू का, मावशी? पाहुणी म्हणून नाही. कायमची."

मावशीने हात पुसले. पुडी उचलली, वर्नाच्या तळहातावर ठेवली आणि तिची बोटं मिटवली.

वर्नाला तो नकार वाटला. ती उठून कोट शोधू लागली.

"बस खाली. कायद्याची एवढी मोठी पंडित, आणि एवढं कळत नाही? असल्या गोष्टीला तंबाखू लागत नाही."

वर्ना पुन्हा खुर्चीवर बसली.

"त्या बॅगा खिडकीतून केव्हाच्या दिसतायत मला," मावशी पुन्हा पिठाकडे वळली. "आत आण. आणि मग लाकडं फोडायला घे, चूल विझत आलीय."