अर्ध्या तासाची कॅसेट आणि आवडाबाईचा धवला

व्हिडिओ कॅमेरा घेतला तर गुणाजीच्या पदरात तीन गोष्टी पडणार होत्या. एक, लेकीच्या लग्नात शूटिंगवाल्याला द्यायचे चार हजार वाचणार होते. दोन, ठाण्याच्या कोळीवाड्यात घरचा कॅमेरा असलेला पहिला माणूस म्हणून गोमाजीच्या ओट्यासमोरून छाती काढून जाता येणार होतं. शेजारच्या गोमाजीकडे व्हीसीआर होता, आणि ही गोष्ट तो कोणाला विसरू देत नसे.

तिसरी गोष्ट गुणाजी बोलत नसे. त्याची आई आवडाबाई धवलारीण होती. लग्नाच्या मांडवात देवांना आणि घरच्या पूर्वजांना नावानिशी बोलावणारे धवले ती गायची. ती ओळ टाकायची, मागच्या बायका ती उचलायच्या. आता तिचा आवाज चिरायला लागला होता आणि शिकायला कोणी बसत नव्हतं. "शेवंतीचं लगीन झालं की मी गानार नाय," असं तिने सांगून टाकलं होतं. म्हणजे नातीच्या लग्नात टेपवर उतरेल तेवढा धवला उरणार, बाकीचा तिच्याबरोबर जाणार.

हा व्यवहार ब्याण्णव सालचा. गुणाजी वागळे इस्टेटमधल्या कारखान्यात फिटर. दिवाळीचा बोनस आणि बायकोची भिशी मिळून रक्कम जेमतेम जमली. बायको सगुणा बाजारात मासळी विकायची. पापलेटाचा डोळा पाहून त्याचं वय सांगणारी बाई नवऱ्यालाही तसंच बघायची.

"शूटिंगवाला एकदाच घेऊन जाईल," ती म्हणाली. "हा कॅमेरा जन्मभर खाईल."

"तू फक्त भिशी दे. पुढचं माझ्यावर."

सगुणाचा भाऊ परशुराम मस्कतला होता. त्याचा फोन कोपऱ्यावरच्या वाण्याकडे यायचा, आणि गुणाजीचं बोलणं वाण्याची सगळी गिऱ्हाइकं ऐकायची.

"दाजी, इथं तीन जातीचे आहेत," परशुराम ओरडून सांगत होता. "एक मोठा, खांद्यावर घ्यायचा. त्यात आपली नेहमीची व्हीसीआरची कॅसेट जाते, तीन तास चालते. पण तुमच्या पैशात बसत नाही. दुसरा आठ एमेमचा. लहान आहे, कॅसेट दीड तास चालते. पण ती कोणाच्या व्हीसीआरमध्ये जायची नाही. कॅमेराच वायरने टीव्हीला जोडायचा."

"म्हणजे विठ्ठलवाडीला अक्काला दाखवायचं तर कॅमेरा घेऊन जायचा?"

"हां. तिसरा सगळ्यात स्वस्त. त्याची कॅसेट बारकी, पण ती मोठ्या कॅसेटच्या खोक्यात बसवली की कुठल्याही व्हीसीआरवर लागते. अर्ध्या तासाची असते मात्र."

विठ्ठलवाडीची रखमाअक्का म्हणजे गुणाजीची थोरली बहीण. गुडघे गेल्यामुळे ती भाचीच्या लग्नाला येऊ शकणार नव्हती. तिच्या मुलाकडे व्हीसीआर होता. शिवाय कॅसेट घरोघर फिरली नाही तर मान कसला?

"तिसराच आण," गुणाजी म्हणाला. "अर्धा तास फार झाला. पिक्चरमध्ये लग्न पाच मिनिटांत होतं."

ज्याने जन्मभर आईचे धवले ऐकले, त्याने हे वाक्य बोलावं. पण ऐन खरेदीच्या वेळी माणसाला डब्यावरची किंमत दिसते, डब्यात काय भरायचंय ते दिसत नाही.

कॅमेरा आला. रविवारी दुपारी गुणाजीने आईला ओट्यावर बसवलं आणि तालीम म्हणून गायला लावलं. कॅमेऱ्याच्या तोंडाशी बारीक लाल दिवा लागला. आवडाबाईने एकेक देव उठवायला सुरुवात केली. खाडीचे देव निघाले, गावदेव निघाला, एकवीरा निघाली, आणि कॅमेऱ्यात खट्ट झालं. दिवा विझला.

"काय झाला?"

"कॅसेट संपली, आये. थांब जरा, दुसरी घालतो."

"धवला मधीच थांबवतात कं? देव आजून वेशीवर उभे हायेत. त्यांना सांगू, गुणाजीची डबी भरली, जरा बसून घ्या?"

गुणाजीचा चेहरा उतरला. समोरच्या ओट्यावरून गोमाजीने मोठ्या मायेने सल्ला दिला, "माझ्या भाच्याकडे खांद्यावरचा कॅमेरा आहे. तीन तास हलत नाही. पाच हजारांत लावून देतो."

म्हणजे चार हजार वाचवायला निघालेला माणूस पाच हजारांत जात होता. सगुणाने भिशीच्या रिकाम्या डब्याचं झाकण उघडून पुन्हा लावलं.

आवडाबाई मात्र कॅमेऱ्याकडे निरखून बघत होती. मोतीबिंदू काढल्यापासून तिची नजर अशी होती की सुनेच्या टोपलीतले शिळे बोंबील ती दारातून ओळखायची.

"यो लाल दिवा विझला म्हंजे डबी भरली?"

"हो."

"आनि लागला म्हंजे चालू?"

"हो."

"मंग कोनाला बोलावू नको. तुज्या मशीनला अर्ध्या तासाचा दम हाय. मना जास्त हाय."

हळदीच्या दिवशी मांडव भरला होता. गुणाजी नव्या शर्टात, डोळ्याला कॅमेरा लावून, आईसमोर. पहिली कॅसेट एकवीरेपाशी संपली. दिवा विझला तशी आवडाबाई पुढे सरकेना. तीच ओळ, तेच नाव. बायकांनी उचलली, तिने पुन्हा टाकली. गुणाजीने कॅसेट बदलली, दिवा लागला, आणि देवी वाटेला लागली. मांडवात कोणाला काही कळलं नाही. एक म्हातारा तर म्हणाला, यंदा एकवीरेला मान जास्त दिला, बरं केलं.

तिसरी कॅसेट संपली ती पूर्वजांपाशी. ओळ होती धोंडीबाची. धोंडीबा म्हणजे गुणाजीचा बाप. तो वारला तेव्हा शेवंती रांगत होती. आवडाबाईने नवऱ्याचं नाव एरवी कधी घेतलं नव्हतं. बायका घेत नाहीत. पण धवल्यात घ्यावंच लागतं.

दिवा विझला. आवडाबाईने नवऱ्याला पुन्हा मांडवात बोलावलं. बायकांनीही बोलावलं. गुणाजी घाईने कॅसेट बदलायला लागला. कॅसेट उलटी गेली, निघेना, निघाली ती पायाशी पडली. आणि बापाच्या नावाची ओळ येतच होती, जातच होती. बायकांचे गळे बसत आले, पण एकीनेही ओळ खाली ठेवली नाही.

गोमाजी शेजारच्याला म्हणाला, "धोंडीबा आला तर म्हणेल, एवढं बोलावताय, आता जेवूनच जातो." पण त्याने तोंड फिरवून डोळे पुसले ते सगुणाने पाहिलं.

अखेर दिवा लागला. आवडाबाईची नजर दिव्यावरच होती. तरी ती पुढे गेली नाही. आणखी दोनदा तिने धोंडीबाला हाक घातली, मग सावकाश पुढच्या पूर्वजाकडे वळली.

"दिवा लागला होता, सासूबाई," सगुणा नंतर म्हणाली.

"मना नीट दिसत नाय," आवडाबाई म्हणाली.

धवला सबंध उतरला, कुठे तुटला नाही. चौथी कॅसेट धोंडीबाच्या नावानेच सुरू होते. रखमाअक्काने ती विठ्ठलवाडीला तीनदा लावली आणि तिन्ही वेळा बापाच्या नावाची तेवढी ओळच ऐकून बंद केली. गोमाजीच्या व्हीसीआरवर लग्न बघायला सगळा कोळीवाडा येऊन गेला. मुलाच्या लग्नाला कॅमेरा मिळेल का, असं विचारायची पाळी गोमाजीवरच आली. गुणाजीने आठवडाभर उत्तर दिलं नाही. एवढं सुख त्याने पैसे भरून घेतलं होतं.

आता हिशेब. कॅमेऱ्यात बोनस गुणाजीचा गेला, भिशी सगुणाची गेली, आणि मस्कतहून आणताना जकातीचे जे वर लागले ते परशुरामाने स्वतः भरले, बहिणीला सांगितलं नाही. धवला मात्र बायकांच्या गळ्यावर तोलला गेला. दुसऱ्या दिवशी एकीच्याही घशातून शब्द फुटेना. आवडाबाईने कमरेची पिशवी सोडली, खडीसाखर मागवली आणि घरोघर जाऊन प्रत्येकीच्या हातावर ठेवली. ते पैसे तिने कोणालाच देऊ दिले नाहीत.