एका पायाचा प्रयोग

मी एक जुना पत्र्याचा टब आहे आणि विज्ञान माझ्या जिवावर उभं होतं. निदान एका गोठ्याच्या दारात तरी. त्याआधी माझ्यात चादरी भिजत.

कारखान्यात मला ठोकून गोल केलं, तेव्हा पुढे एवढा मान मिळेल असं वाटलं नव्हतं. मग गुरांमध्ये लाळ्या-खुरकूत आली. लस अजून यायची होती. गुरांच्या डॉक्टरांनी माझ्यात धुण्याच्या सोड्याचं पाणी भरलं आणि मालकीणबाईंना बजावलं, "यात पाय बुडवल्याशिवाय कुणालाही आत सोडू नका." आत त्यांची एकुलती एक गाय होती. गाभण. मालकीणबाई स्वतःसुद्धा दर खेपेला पाय बुडवत. मित्रांनो, त्या दिवसांत मला कुणी लाथ मारली नाही.

मग त्यांचे धाकटे दीर आले. ते कॉलेजात शिकवत. काय, ते घरात कुणाला नीट सांगता येत नसे. शेजारच्या गोठ्यातल्या आजारी गुरांची तोंडं उघडून पाहून ते थेट इकडे आले होते. हात मात्र साबणाने धुतले होते. तेवढं विज्ञान त्यांना मान्य होतं.

"वहिनी, हा जंतू कुणी डोळ्यांनी पाहिलाय? रोग आंबलेल्या चाऱ्याने होतो. बाकी सगळे एकमेकांचं ऐकून बोलतात."

"असेल हो भाऊजी. पण पाय बुडवा."

"कशासाठी?"

"माझ्या समाधानासाठी."

"समाधान म्हणजे विज्ञान नव्हे."

"बरं बाई, मग विज्ञानासाठी बुडवा!"

दीर विचारात पडले. माणूस प्रामाणिक होता. दोन्ही मतांना सारखी संधी मिळावी म्हणून त्यांनी उजवा पाय माझ्यात बुडवला, डावा कोरडाच ठेवला आणि गोठ्यात शिरले.

"अहो, गाय एकच आहे!" मालकीणबाई ओरडल्या.

"म्हणूनच तुलना अचूक होईल," आतून उत्तर आलं.

आठवडा व्हायच्या आत गायीच्या तोंडात फोड आले. लाळ गळू लागली. मालकीणबाई तिच्या तोंडाशी पातळ पेज धरून बसत.

दीर मनापासून हळहळले. "पण वहिनी, कोणत्या पायाने आला, हे आता कसं सांगणार?"

मालकीणबाई उठल्या. त्यांनी माझ्यातलं पाणी बदललं.

आता माझा तळ गंजलाय. मित्रांनो, शंका जरूर घ्या. दोन्ही पाय बुडवूनही ती घेता येते. आणि काम झालं की टब पालथा घालत जा.

गाय बरी झाली. वासरू मेलेलं निघालं.