मामाची पोरगी रक्ताची कशी?

पोरगं गुबगुबीत दिसलं की लोकांना वाटतं, आईनं लाडावून ठेवलंय. मलकपेठेत आमच्याच मजल्यावरची बाई लिफ्टमध्ये माझ्या तोंडावर म्हणाली, "कितना खिलाते जी तुम!" मी म्हणाले, "हौ जी, होटल खोल के बैठी ना मैं." दुसरं काय बोलणार, कपाळ माझं! माझा प्रबुद्ध पाच वर्षांचा, वजन मात्र मोठ्या पोराचं. जेवून उठला की पुन्हा खायला मागत रडणार. भिजत घातलेले कच्चे तांदूळ खाल्लेत त्यानं. कचऱ्याच्या डब्यातली आंब्याची सालं खाल्लीत.

माझी सासू मनकर्णा ही माझी सख्खी आत्या. मी पाळण्यात असतानाच तिनं माझ्या बापाला बजावलं होतं, ही पिंकी माझ्या अमरदीपची. आमच्या नांदेडकडं भावाची लेक सून करून आणायची म्हणजे मोठा मान. तरी आत्या मलाच बोलायची, "तुझाच हात सैल आहे गं." आणि माझी पाठ वळली की हळूच त्याच्या हातावर लाडू ठेवायची. भुकेलं लेकरू बघवत नाही म्हणे!

डॉक्टर तर किती झाले. प्रत्येकजण विचारायचा, नवराबायको रक्ताच्या नात्यातले आहात का? अमरदीप ठणकावून सांगायचा, "नाही." खोटं नव्हता बोलत तो. आमच्यात रक्ताचे म्हणजे भाऊकी, एका आडनावाची माणसं. मामाची पोरगी रक्ताची कशी? ती तर सोयऱ्यांतली. मीही शेजारी बसून मान हलवायचे. मग डॉक्टर खाण्याचा तक्ता हातात द्यायचे आणि म्हणायचे, आईनं जरा कडक व्हावं.

गेल्या महिन्यात एका तेलुगू डॉक्टरीणबाईंकडं गेलो. त्यांनी रक्ताचं विचारलंच नाही. म्हणाल्या, "तुमचं मेनरिकम आहे का? मामा-आत्याच्या पोरांचं लग्न?" आत्याच पुढं सरसावली, मोठ्या कौतुकानं म्हणाली, "हौ डॉक्टरम्मा, माझ्या भावाचीच लेक आहे ही!" बाईंचा चेहरा उतरला. त्यांनी लगेच प्रबुद्धचं आणि आम्हा नवराबायकोचं रक्त तपासायला पाठवलं.

परवा त्यांनी सगळं समजावून सांगितलं. अंगातली चरबी मेंदूला सांगावा धाडते, बस, आता पुरे. त्याला लेप्टिन म्हणतात. प्रबुद्धच्या अंगात ते बनतच नाही. बिघडलेला जीन आत्याच्या माहेरचा. तिच्याकडून अमरदीपला आला, माझ्या बापाकडून मला. आम्हाला एकेकच मिळाला म्हणून आम्ही धडधाकट. लेकराला दोन्हीकडून मिळाला.

"तो हट्टी नाही," बाई म्हणाल्या. "त्याला खरंच भूक लागते. जेवल्यावरसुद्धा."

"मग औषध द्या ना!" मी म्हणाले.

बाई म्हणाल्या, इंजेक्शन आहे, पण ते परदेशात. इथं मिळत नाही. आम्ही तिथल्या कंपनीला लिहून बघतो, पण भरवसा ठेवू नका. तोवर बेतानंच खायला द्या, नाहीतर जिवावर बेतेल.

ऐकलंत? आजवर वाटायचं, पोरगं नाटकं करतंय, वळण लावलं की सुधारेल. तेवढी तरी आशा होती. आता मला पक्कं ठाऊक आहे की ते उपाशी आहे, आणि तरी मी नाहीच म्हणायचं. कुणाच्या वाट्याला येऊ नये असलं आईपण.

काल जेवताना अमरदीपनं अर्धी भाकरी तशीच ठेवली. "नको, पोट भरलं," म्हणाला.

प्रबुद्ध त्याच्याकडं बघतच राहिला. "पप्पा, पोट भरतं तेव्हा कुठं दुखतं?"

"दुखत नाही रे बाळा."

"मग कळतं कसं?"

आत्यानं तोंडात पदर कोंबला, हुंदके देत आपलं भरलेलं ताट प्रबुद्धपुढं सरकवलं. "खा रे माझ्या राजा, खा." त्यानं आनंदानं घास उचलला. तोंडापर्यंत नेलाही होता. मी त्याचा हात धरला आणि मुठीतून तो घास काढून घेतला.